साधं ऑइल चालतं, सुकलाल

परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो, त्याला हार, आणि माइकवर एकामागून एक खोटं बोलणारी माणसं. सुकलाल सर शांत होते. सुकलाल सर संयमी होते. चित्रकलेच्या या शिक्षकानं उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. वाद घातला नाही? मग चाळीस वर्षं माझ्या गॅरेजात येऊन तू दुसरं केलंस काय? शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "अय्यूबभाई, तुम्ही सरांचे सगळ्यात जुने मित्र, जळगावहून आलात, दोन शब्द बोला." मी हात जोडले आणि बाहेर निघून आलो. दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आणि जे होतं ते हारासमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं बोलतो. तू फक्त ऐक. मध्ये तोंड घालू नको.

मी चिडलोय तुझ्यावर. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, त्यांना तू कुठं माहीत होतास.

त्या दिवसाचं सगळं कमलवहिनींनी मला तीनदा सांगितलंय. प्रत्येक वेळी शब्दही तेच. सकाळी तुम्ही दोघं धरणगावहून निघालात, धुळ्याला मनीषाकडे, लेकीच्या घरी दोन दिवस राहायला. एरंडोलला तुला घाम फुटला. वहिनींनी विचारलं तर म्हणालास, "गॅस शे, बाकी काही नही." पारोळा मागं पडलं आणि गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. तू लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलंस. इथवर शहाण्यासारखा वागलास. पट्टी ओढून बघितलीस, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. डिकीत नेहमी एक जादा डबा असायचा, तो मागच्या आठवड्यातच संपला होता. समोर पंक्चरवाल्याचं दुकान. त्याच्याकडे ऑइल होतं. साधं होतं. तो बिचारा डबा घेऊन स्वतः चालत आला आणि तू त्याला हात दाखवून थांबवलंस. माझ्या इंजिनात भारीतलं सिंथेटिक आहे म्हणालास, त्यात हे चालत नाही.

मग जावयाला फोन. नीलेश, धुळ्याहून सिंथेटिकचा डबा घेऊन ये. आणि तू पंक्चरवाल्याच्या बाजेवर बसून राहिलास. तास होऊन गेला. पंक्चरवाला म्हणाला, काका, तुमचा चेहरा मला बरा दिसत नाही, एखाद्या जीपमध्ये बसवून देतो दोघांना. तू म्हणालास, गाडी रस्त्यावर टाकून कुठं जाऊ? गाडी! दहा ठिकाणी पत्रा सडलेली ती गाडी. भंगारवाल्यानंसुद्धा आधी विचार केला असता.

वहिनी म्हणाल्या, अय्यूबभाऊंना तरी विचारा, टाकलं तर काय होईल. त्यावर तू काय बोललास तेही त्यांनी सांगितलं. "त्याले काय इचारू, तो काय सांगी माले माहीत शे."

हे वाक्य मला झोपू देत नाही, सुकलाल.

नीलेश पोचला तेव्हा तुझा डावा हात उचलत नव्हता. त्या पोरानं तसल्यात ऑइल ओतलं, तुला मागच्या सीटवर घेतलं आणि गाडी धुळ्याला आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला विचारलं, इतका उशीर का केला, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. बस्स. ते एक वाक्य त्यानं गिळलं आणि तेव्हापासून दुसरं काही त्याच्या घशाखाली उतरेना. तेराव्याला मी त्याला बघितलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "काका, पहिल्या दुकानात सिंथेटिक नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्यात मिळालं. मग मी पेट्रोल भरायला थांबलो. थांबलो नसतो तर?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, बेटा, ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. किती सोपं असतं असं म्हणणं. आणि किती हरामखोरीचं.

कारण मला माहीत होतं. त्या पंक्चरवाल्याचं साधं ऑइल ओतलं असतं तर तुझ्या इंजिनाला काही म्हणजे काही झालं नसतं. पाच मिनिटांत तुम्ही पुढं निघाला असतात. नीलेशला फोनसुद्धा करावा लागला नसता. हे मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं, कारण तुला उलटं शिकवणारा मीच.

आठवतं ना कसं झालं ते? तीन वर्षांपूर्वी कंपनीचा एक विकणारा माणूस गॅरेजात येऊन तासभर बडबडून गेला आणि मी एका दिवसात ऑइलचा पंडित झालो. उथळ पाण्याला खळखळाट फार. पहिला बकरा तू. तुझ्या गाडीतलं साधं काढलं आणि सिंथेटिक भरलं. सहा महिने तू काही बोलला नाहीस. मग एका दुपारी आलास, बॉनेट उघडलंस आणि सुरू झालास. शाळेत तू फार शुद्ध बोलायचास, माझ्या गॅरेजचा उंबरा ओलांडला की अहिराणी. "अय्यूब, हाई गाडी ऑइल खास, अन् तू तिले तूप पाजी ऱ्हायना. साधं टाक."

तुझं बरोबर होतं. आज लिहून देतो. जुनं इंजिन, दर महिन्याला ऑइल खाणारं, त्यात भारीतलं ऑइल ओतणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. कुठल्याही शहाण्या मेकॅनिकनं साधंच टाकलं असतं. पण गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती आणि तू त्यांच्यासमोर मला शिकवायला निघालास. चित्रकलेच्या मास्तरानं मला इंजिन शिकवायचं! मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं टाकता येत नाही. आत दोघांचं पटत नाही, गाळ धरतो, इंजिन जाम होतं. मग माझ्याकडे रडत येऊ नको.

तू विचारलंस, कुठं लिहिलंय?

मी म्हणालो, लिहिलेलं तुझ्या शाळेत बघ. इथं मी सांगतो ते पुस्तक.

सगळे हसले. तू गप्प झालास. चाळीस वर्षांत मी तुला पहिल्यांदा गप्प केलं होतं आणि मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, आता हे भिंतीवर लिहूनच दे, म्हणजे तुझ्यासारखे आणखी चार शहाणे यायचे नाहीत. तू खरंच पुढच्या रविवारी रंग आणि ब्रश घेऊन आलास. अर्धा दिवस स्टुलावर उभा राहून लिहिलंस: सिंथेटिक ऑइलनंतर साधे ऑइल टाकू नये, इंजिन खराब होईल. एकेक अक्षर छापल्यासारखं. खाली बारीक वेलबुट्टीही काढलीस. मूर्खासारखी गोष्ट इतक्या सुंदर अक्षरात माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

तू माझं कधी काही ऐकलंस का रे? बीपीची गोळी घे म्हणालो, तर म्हणालास डॉक्टर लोकांना धंदा पाहिजे. तंबाखू सोड म्हणालो, तर माझ्याच तळहातावर मळून मलाच चिमूट दिलीस. ती गाडी विकून टाक म्हणालो, तर चार दिवस बोलला नाहीस. छातीचा तो ईसीजीचा पट्टा काढून ये, जळगावात मी येतो बरोबर, असं दिवाळीपासून सांगत होतो. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आख्ख्या जन्मात ऐकलंस कोणतं? जे मी तोऱ्यात ठोकून दिलं होतं तेवढंच. तेही मरताना पाळलंस. अरे, हट्टी होतास ना तू? मग त्या बाजेवर बसल्या बसल्या तुझा हट्ट कुठं गेला होता? एकदा म्हणायचं होतंस, अय्यूबच्या बापाचं काय जातं, ओत रे ते साधं.

आता पुढचं ऐक. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्हा मेकॅनिक लोकांचं एक शिबिर झालं. जळगावातच, एका हॉटेलात. शिकवायला एक इंजिनियर पोरगी आली होती, माझ्या लेकीच्या वयाची. मी मुद्दाम हात वर केला. मला वाटलं, चारचौघांत आपलं ज्ञान दिसेल. म्हणालो, मॅडम, सिंथेटिकनंतर साधं टाकलं तर इंजिन जातंच ना? ती म्हणाली, "नाही काका. हा जुना गैरसमज आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. सिंथेटिकचा फायदा थोडा कमी होतो आणि ऑइल जरा लवकर बदलावं लागतं, एवढंच. रस्त्यात कमी पडलं तर जे मिळेल ते टाका. कोरड्या इंजिनापेक्षा कुठलंही ऑइल बरं." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. वांगी चांगली आलीत, रविवारी मळ्यात भरीत करतोय, घरच्यांना घेऊन ये. मी येतो म्हणालो. ऑइलचं बोललो नाही. रविवारी आलो, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या खाल्ल्या. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तू कुठल्याशा गोष्टीवरून माझी खेचायला लागलास आणि मी भरताबरोबर ते गिळून टाकलं.

का नाही सांगितलं? कारण तू हसला असतास. एवढंच आहे, दुसरं काही नाही. तुझं हसणं मला पाठ होतं, आधी खांदे हलायचे आणि आवाज नंतर यायचा. मग वर्षभर जो भेटेल त्याला सांगितलं असतंस, आमच्या अय्यूबचं पुस्तक चुकलं. एवढ्याशा हसण्याला मी घाबरलो. आणि सगळ्यात वाईट तर पुढंच आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी हळूच खरं सांगायला लागलो. चालतं, टाका, काही होत नाही. एकानं भिंतीकडे बोट दाखवलं तर म्हणालो, ते जुनं आहे, पुसायचं राहिलंय. सगळ्या जळगावला सांगितलं, सुकलाल. एकट्या तुला सोडून. तू दर तीन महिन्यांनी यायचास, मी तुझ्या गाडीत तेच भारीचं ऑइल भरायचो आणि तू मुकाट भरून घ्यायचास.

माझ्या लेकीच्या दहावीच्या वर्षी तू दर रविवारी धरणगावहून जळगावला आलास, तिला भूमिती शिकवायला. चित्रकलेचा मास्तर असून. गणिताच्या मास्तरांनी हात टेकले होते. तू रंगीत खडूंनी गॅरेजच्या फरशीवर वर्तुळं काढायचास आणि ती पोरगी त्यांच्यावर उभी राहून प्रमेय सांगायची. तुला माहीत नसलेलं तू आधी घरी बसून शिकायचास आणि मग तिला शिकवायचास. तिनं एकदा तुझी चूक काढली तर फरशी ओल्या फडक्यानं पुसलीस आणि म्हणालास, बेटा, तुझं बरोबर, माझं चुकलं. किती सहज म्हणालास. मी गाडीखाली आडवा पडून ऐकत होतो. मला ते जमलं नाही, आणि तुझ्याकडून शिकायला माझ्याकडे चाळीस वर्षं होती.

तेराव्यानंतर मी गॅरेजात गेलो आणि रंगाचा डबा उघडला. ती भिंत पांढरी करून टाकायची होती. पहिलाच फटका मारायला गेलो आणि हात थांबला. अक्षर तुझं होतं. मग स्वतःचाच इतका राग आला की डोळे मिटून आख्खी भिंत रंगवून काढली. रंगाचे चार हात मारून झाल्यावरही वेलबुट्टी पुसट दिसतेय. दिसू दे.

दुसऱ्या दिवशी तुझी गाडी घेऊन धरणगावला गेलो. नीलेशनं ती माझ्याकडे आणून ठेवली होती, आता वहिनींच्या ताब्यात द्यायची होती. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. चावी हातात घेतली. मग म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? खरं सांगजा. त्या पंक्चरवालानं ऑइल टाकलं असतं तर गाडी खराब व्हती का?"

मला हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तू बरोबर ठरला असतास, मी बरोबर ठरलो असतो, आणि त्यांना वाटलं असतं, आमच्या माणसानं नियमानं केलं, नशीब वाईट. घटकाभर मला ते दयेचंच काम वाटलं. पण नीलेशची ती खालीवर बटणं डोळ्यांपुढून जाईनात. मी म्हणालो, नाही वहिनी. काही झालं नसतं. मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी सुकलालला सांगितलं नाही.

त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील, निदान उठून आत तरी जातील. त्यांनी चावी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "त्यासले सांगाले पाहिजे व्हतं ना, भाऊ." आवाजात रागसुद्धा नव्हता. राग असता तर मी तो झेलला असता. मग म्हणाल्या, "आते नीलेशले सांगा. तो पोरगा जेवत नही. फोनवर नका सांगू. जा."

मी तिथूनच धुळ्याची बस धरली. पारोळ्याच्या पुढं ते पंक्चरचं दुकान खिडकीतून दिसलं. बाज बाहेरच होती. उतरावंसं वाटलं, पण उतरून मी काय करणार होतो? त्या भल्या माणसाला सांगणार होतो का, की बाबा, तुझा डबा बरोबर होता?

नीलेश घरीच होता. कामावर जात नाही तो. मनीषा आतमध्ये भाकरी करत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो विकणारा माणूस, गॅरेजातली ती दुपार, भिंत, शिबिर, त्या पोरीनं सांगितलेलं आणि मी तुझ्यापासून लपवलेलं. काही सोडलं नाही. आतला भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता.  नीलेशला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "म्हणजे साधं चाललं असतं? मग मी तीन दुकानं कशासाठी फिरलो, काका?"

मी म्हणालो, माझ्यामुळे, बेटा. मी चुकीचं सांगितलं होतं आणि नंतर दडवलं. तुझा काही संबंध नाही यात. पेट्रोलचा नाही आणि दुकानांचाही नाही.

तेव्हा तो उठला. तुझा तो शांत जावई, ज्यानं मला कधी नाव घेऊन हाक मारली नाही, तो माझ्या अंगावर धावून आला. माझी कॉलर धरली. मला म्हाताऱ्या म्हणाला, लबाड म्हणाला, आणखी जे म्हणाला ते मी इथं सांगत नाही. शेजारची दारं उघडली. मनीषा चौकटीत उभी होती, पिठाचे हात तसेच, तिनं त्याला आवरलं नाही आणि मला सोडवलंही नाही. शेवटी त्याचा आवाज फाटला आणि तो मटकन खाली बसून रडायला लागला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. तू गेल्यापासून पहिल्यांदा, असं मनीषा नंतर म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिनं ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं. डाळ, भाकरी, मिरचीचा ठेचा. त्यानं डोळे पुसले आणि ताट ओढून घेतलं. दोन भाकरी खाल्ल्या, सुकलाल. तिसरी अर्धी मोडून घेतली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, जेव म्हणालं नाही, आणि तेच बरोबर होतं.